४ जणांची सेवा करते

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक तिकीट आलं. तिकीट म्हणजे सिनेमाचं नाही. सॉफ्टवेअरमधल्या चुकीची तक्रार नोंदवली की आमच्या धंद्यात तिला तिकीट म्हणतात. आम्ही एका रेसिपीच्या अ‍ॅपवर काम करत होतो आणि त्याची मराठी आवृत्ती नुकतीच बाहेर पडली होती. तक्रार करणाऱ्या बाईंनी स्क्रीनशॉट जोडला होता. वांग्याचं भरीत, वेळ ४० मिनिटं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: ‘४ जणांची सेवा करते’. बाईंनी स्वतःचं म्हणून एवढंच लिहिलं होतं: ‘कोण? वांगं?’

चूक कशी झाली हे शोधायला पाच मिनिटं लागली. अ‍ॅपमधलं सगळं इंग्रजी एका शीटमध्ये भरून भाषांतराला जातं. एका ओळीत एक तुकडा. हा तुकडा कुठल्या स्क्रीनवर दिसणार, त्याच्या वर काय आहे, खाली काय आहे, यातलं काहीच सोबत जात नाही. त्यातल्या एका ओळीत होतं ‘सर्व्ह्ज ४’. मशीनने ‘सर्व्ह’ म्हणजे सेवा असं धरलं आणि पुढे गेलं. तपासणाऱ्याने दिवसभरात अशा शेकडो ओळी पाहिल्या असतील, त्यात ही निसटली.

मी स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. आमचा लीड पंचेचाळिशीचा आहे आणि त्याला जुन्या अमेरिकन मालिकांचं वेड आहे. त्याने लिहिलं, ‘‘यूएनचा पण एकदा असाच घोळ झाला होता. ‘ट्वायलाइट झोन’, तिसरा सीझन, चोविसावा एपिसोड. आज रात्री बघ.’’

पाहिला. पंचवीस मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाइट, २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेत सीबीएसवर लागलेला. नाव ‘टू सर्व्ह मॅन’. पुढे सगळी गोष्ट फोडणार आहे. साठ वर्षं उलटून गेलीत, तेव्हा स्पॉइलरची तक्रार चालणार नाही.

सुरुवातीला एक माणूस एका कोठडीसारख्या खोलीत पडलेला आहे, सिगरेट ओढतोय. कुठूनतरी आवाज येतो, जेवून घे. तो जेवत नाही. मग तो आपल्याकडे बघून मागची हकिकत सांगायला लागतो. याचं नाव मायकल चेंबर्स, अमेरिकन सरकारच्या नोकरीतला कोड फोडणारा. एके दिवशी पृथ्वीवर तबकड्या उतरतात. त्यातून कॅनामिट नावाचे परग्रहवासी येतात. नऊ फूट उंच, प्रचंड कपाळ, अंगात झगा. बोलताना ओठ हलत नाहीत, आवाज थेट डोक्यात. त्यांचा प्रतिनिधी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत उभा राहतो आणि म्हणतो, आम्ही मदत करायला आलोय. तुमची उपासमार संपवू, वीज जवळपास फुकट देऊ, प्रत्येक देशाभोवती अदृश्य कवच देऊ, म्हणजे युद्धाची भीतीच नको. आणि जाताना टेबलावर एक जाडजूड पुस्तक ‘विसरून’ जातो.

पुस्तक चेंबर्सच्या खात्याकडे येतं. त्याची सहकारी पॅट मुखपृष्ठावरच्या नावाचा उलगडा करते: ‘टू सर्व्ह मॅन’. मानवाची सेवा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कॅनामिटला लाय डिटेक्टरला जोडून प्रश्न विचारतात, त्यात तो पास होतो. खत येतं, वाळवंटात पिकं डोलायला लागतात. सैन्यं घरी जातात. कोड फोडणाऱ्यांना काम उरत नाही. लोक कॅनामिटांच्या ग्रहावर सहलीला जायला लागतात. रांगेत हसतखेळत उभे राहतात, तबकडीत चढण्याआधी एकेकाचं वजन करून घेतात. चेंबर्सही तिकीट काढतो (हे सिनेमासारखंच तिकीट). तो जिन्यावर असताना पॅट धावत येते. पुस्तकाची आतली पानं सुटली आहेत. ते स्वयंपाकाचं पुस्तक आहे.

कॅनामिट चेंबर्सला आत ढकलतो, दार बंद होतं. आपण परत त्या खोलीत येतो. पुन्हा जेवणाचा आग्रह होतो, वजन कमी व्हायला नको ना. चेंबर्स आपल्याला विचारतो की तुम्ही अजून पृथ्वीवर आहात की माझ्याबरोबर जहाजात, आणि स्वतःच म्हणतो, काय फरक पडतो. मग तो जेवायला लागतो.

मी मोठ्याने हसलो. मग उठून पाणी प्यायलो आणि एपिसोडच्या चुका काढायला बसलो. ही सवय इंजिनिअरिंगने लावली आहे.

चुका काढायला लागलं तर एपिसोड टिकतच नाही. गुप्त संदेश फोडणं आणि अनोळखी भाषा वाचणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. संदेश फोडताना खाली कुठली भाषा आहे ते तुम्हाला ठाऊक असतं किंवा अंदाज तरी असतो. मायकल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये क्रीट आणि ग्रीसमधली लिनिअर बी लिपी सोडवली, कारण तिच्याखाली जुनी ग्रीक निघाली. तिच्याच बहिणीसारखी दिसणारी लिनिअर ए अजून कुणाला वाचता आलेली नाही, कारण खालची भाषाच ओळखीची नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांचंही तेच. मग दुसऱ्या ग्रहावरचं पुस्तक, सोबत शब्दकोश नाही, चित्रं नाहीत, आणि फक्त नाव तेवढं अचूक वाचता आलं? लाय डिटेक्टर माणसाचा घाम आणि नाडी मोजतो. कॅनामिटला घाम येतो का, हे कुणीच विचारत नाही. शिवाय आकाशगंगा पार करून येणाऱ्यांना खायला माणूसच का लागावा? आणि असलं पुस्तक संयुक्त राष्ट्रांच्या टेबलावर सोडून जाणारा प्रतिनिधी म्हणजे कमालच झाली.

देखावाही गमतीचा आहे. तबकड्यांची काही दृश्यं १९५६ च्या ‘अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स’ या सिनेमातून उचललेली आहेत. ती रे हॅरीहाउझेनने छोटी मॉडेलं एकेक फ्रेम हलवून बनवली होती. कॅनामिट झालाय रिचर्ड कील, उंची सात फूट दोन इंच. पुढे जेम्स बाँडच्या सिनेमांत स्टीलच्या दातांचा जॉज झाला तोच हा. इथे त्याला आवाजही स्वतःचा नाही, तो जोसेफ रस्किनचा आहे. दिग्दर्शक रिचर्ड बेअर नंतर ‘ग्रीन एकर्स’ या विनोदी मालिकेचे जवळपास सगळे भाग करणार होता.

पण सगळ्यात मोठी चूक नावातच आहे. इंग्रजीत ‘सर्व्ह’चे दोन अर्थ होतात, सेवा करणं आणि ताटात वाढणं. विनोद त्याच्यावर उभा आहे. पण पुस्तक कॅनामिटांच्या भाषेत आहे! त्यांच्या भाषेतही नेमके हेच दोन अर्थ एकाच शब्दात कसे बसले?

इथे मी अडलो, कारण मनातल्या मनात एपिसोडचं मराठी करून बघत होतो आणि ते चक्क जमत होतं. सेवा आणि सेवन. दोन्ही एकाच संस्कृत धातूचे, सेव्. आपण देशसेवा करतो आणि औषधाचं सेवन करतो. रुग्णसेवा, मद्यसेवन, समाजसेवा, वायुसेवन. कॅनामिटांच्या पुस्तकाचं नाव ‘मानवसे…’ इथपर्यंतच वाचता आलं असतं आणि पुढचं अक्षर पुसट असतं, तर मराठी माणसाचाही हाच घोटाळा झाला असता. तेव्हा कॅनामिटांची भाषा संस्कृतोद्भव असावी, हा माझा सिद्धांत. कृपया फॉरवर्ड करू नका, नाहीतर उद्या नासाच्या नावाने माझ्याकडेच परत येईल.

असल्या खुळ्या कल्पनेत लोकांनी इतकी वर्षं जीव का घातला? ‘द सिम्पसन्स’ने १९९० मध्ये हॅलोवीनच्या पहिल्याच खास भागात याची नक्कल केली. त्यात पुस्तकावरची धूळ फुंकत गेलं की नाव दर वेळी बदलतं, माणसं शिजवणं की माणसांसाठी शिजवणं. आजही अमेरिकेत कुणी फारच गोड बोलायला लागलं तर कुणीतरी त्या स्वयंपाकाच्या पुस्तकाची आठवण काढतं.

याचं एक कारण रॉड सर्लिंग. ‘ट्वायलाइट झोन’ त्याने काढली. १९५९ ते १९६४ या काळात तिचे १५६ भाग झाले आणि त्यातले बरेचसे त्यानेच लिहिले. दुसऱ्या महायुद्धात तो फिलिपिन्समध्ये लढला होता. परत येऊन टीव्हीसाठी लिहायला लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या माध्यमात खरा मालक जाहिरातदार आहे. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनानंतर त्याने त्या विषयावर नाटक लिहिलं. १९५६ मध्ये ते पडद्यावर येईपर्यंत त्यातला दक्षिणेचा आणि वर्णद्वेषाचा मागमूस राहिला नव्हता. हा छळ त्याच्या एकट्याच्या वाट्याला आला असंही नाही. १९५९ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यावरच्या एका टीव्ही नाटकात जाहिरातदार गॅस कंपन्यांची संघटना होती, म्हणून गॅस चेंबरच्या उल्लेखातला ‘गॅस’ हा शब्द आवाज बंद करून गाळला गेला. नाझींनी माणसं मारली ती कशाने, हे सांगायचं नाही, कारण शेगडीचा खप कमी होईल.

सर्लिंगने मग परग्रहवासी आणले. मंगळावरचा माणूस बोलला तर साबण कंपनीची हरकत नसे.

मूळ कथा मात्र त्याची नाही. ती डेमन नाइटची, ‘गॅलक्सी’ मासिकाच्या नोव्हेंबर १९५० च्या अंकातली, काही पानांची. त्यात कॅनामिट बुटके, केसाळ आणि डुकरासारखे दिसणारे आहेत. नाइटची मजा अशी की दिसायला ज्यांना आपण खाऊ तेच आपल्याला खायला आलेत. टीव्हीवर डुकराचे मुखवटे हास्यास्पद दिसले असते, म्हणून असेल, त्यांना उंच, देखणे, साधूसारखे केलं. माझ्या मते गोष्ट त्याने जास्त भीतिदायक झाली. डुकरावर माणूस संशय घेतो. नऊ फूट उंच, शांत, झगा घातलेल्या आणि पदरचं वाटणाऱ्यापुढे हात जोडतो.

अजून एक फरक आहे. नाइटच्या कथेत कोड फोडणारे नाहीत, संयुक्त राष्ट्रांतला भाषांतरकार आहे. त्याचा मित्र कॅनामिटांच्या वकिलातीत नोकरी धरतो, हळूहळू भाषा शिकतो आणि मग पुस्तक वाचतो. हे पटतं. भाषा अशीच कळते, त्या घरात राबून.

कथा १९५० ची आणि एपिसोड १९६२ चा, हे मी वहीत लिहून ठेवलं आणि शेजारी त्या काळात जगात काय चाललं होतं ते मांडत गेलो. १९५० मध्ये मार्शल प्लॅन चालू होता, अमेरिकेचा पैसा आणि माल युद्धात मोडलेल्या युरोपात ओतला जात होता. १९५४ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवरने पब्लिक लॉ ४८० या कायद्यावर सही केली. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं जास्तीचं धान्य, जे तिथे विकलंही जाईना आणि ठेवायला जागाही पुरेना, ते गरजू देशांना द्यायचं. जानेवारी १९६१ मध्ये केनेडीने ‘फूड फॉर पीस’चं स्वतंत्र कार्यालय उघडलं. शांततेसाठी अन्न. कॅनामिट संयुक्त राष्ट्रांत उभा राहून देतो ते आश्वासन शब्दशः हेच आहे, फक्त बोलणारा नऊ फुटांचा आहे.

म्हणजे १९६२ मध्ये ज्या देशाच्या बैठकीच्या खोल्यांत हा भाग लागला, तो देश त्या वेळी जगाला धान्य वाटत होता. प्रेक्षक मात्र घेणाऱ्याच्या जागी बसून घाबरत होते. देणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न त्यांना पंचवीस मिनिटं पडला आणि मग जाहिरात लागली. आमच्याकडे तो प्रश्न बरीच वर्षं चालला. हे वाचन माझं आहे, सर्लिंगच्या माथी मारत नाही. मी ज्या बाजूला जन्मलो तिथून ते तसं दिसतं.

पीएल-४८० हे नाव माझ्या पिढीने ऐकलं असेल तर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात. भारताचा त्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. सगळ्यात गाजलेला मात्र ४ मे १९६० चा: चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ. वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवरसमोर भारताच्या वतीने सही करणारे अन्नमंत्री होते स. का. पाटील. हो, तेच, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने ज्यांना खलनायक ठरवलं ते मुंबईचे काँग्रेस पुढारी. महाराष्ट्र राज्य झालं १ मे रोजी. इकडे शिवाजी पार्कचे मांडव उतरले नसतील, तोवर तिकडे हे गव्हाची सही करत होते. इतिहासात असे योगायोग फुकट मिळतात.

हा गहू फुकट नव्हता. किंमत रुपयांत द्यायची होती, डॉलरमध्ये नाही. आपल्याकडे डॉलर नव्हतेच. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साचत गेले. त्यातले बरेच भारतालाच कर्ज म्हणून परत दिले जात, काही त्यांच्या वकिलातीच्या खर्चाला जात. ढीग इतका वाढला की १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी त्यातला मोठा भाग सोडून देणारा १,६६४ कोटी रुपयांचा चेक भारत सरकारला दिला. तेव्हाचा तो जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून नोंदला गेला.

आणि काही रुपयांची पुस्तकं घेतली गेली. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. १९६२ पासून, म्हणजे एपिसोडच्याच वर्षापासून, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कार्यालयाने गव्हाच्या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं आणि मासिकं घ्यायला सुरुवात केली. एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती, ठरावीक अमेरिकन विद्यापीठांसाठी. मराठीसुद्धा. कादंबऱ्या, व्याकरणं, संतचरित्रं, सहकारी संस्थांचे अहवाल. आज इंटरनेटवर एखादं दुर्मीळ मराठी पुस्तक स्कॅन केलेलं सापडतं आणि त्यावर शिकागो किंवा कॅलिफोर्नियाचा शिक्का असतो, त्यामागे बऱ्याचदा हा गहू असतो. एपिसोडमध्ये धान्य देणारे आपलं पुस्तक इथे टाकून जातात. आमच्याकडे धान्य देणाऱ्यांनी आमची पुस्तकं नेली, नीट कॅटलॉग केली आणि जपली. आमच्याकडे त्यातली कितीतरी वाळवीने खाल्ली. यातला कॅनामिट कोण, मला सांगता येत नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती गोड नाही. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे फसले. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं. बंदरात जहाज लागलं की ते थेट रेशनच्या दुकानात, अशी अवस्था. याच वेळी अध्यक्ष जॉन्सनने दोरी आखूड केली. वर्षावर्षाचे करार बंद, धान्य महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सुटायला लागलं. भारत व्हिएतनामवरून अमेरिकेवर टीका करत होता, ते जॉन्सनला खुपत होतं. शेतीचं धोरण बदला, असा तगादा होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये सी. सुब्रह्मण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांच्यात जो समझोता झाला, त्यात खतांच्या धोरणाचाही समावेश होता. खत! कॅनामिटांची पहिली भेट तीच. त्या तगाद्यातून पुढे हरितक्रांतीला जोर मिळाला हेही खरं, आणि ते मागणाऱ्याच्या रांगेत उभं राहण्याचं अपमान विसरू न शकलेली एक अख्खी पिढी होती हेही खरं.

गाजरगवताची गोष्ट इथे कुणीतरी काढतंच. पुण्यात हे गवत आढळल्याची नोंद १९५६ मध्ये छापून आली आणि ते पीएल-४८० च्या गव्हातून आलं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. काँग्रेस गवत हे नावही त्यालाच. तारखा जुळवून पाहिल्या तर करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे फार ओढाताण होते. अमेरिकेचा गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता आणि या वनस्पतीचे भारतातले त्याहून जुने नमुनेही सांगितले जातात. पण लोकांना ती गोष्ट का आवडते ते कळतं. भेटीच्या पोत्यात लपून आलेला, हात लावला की खाज सुटणारा परका. कॅनामिटांपेक्षा बरा एपिसोड होईल.

दिवाळीला गावी गेलो. आमचं गाव माण तालुक्यात, जिथे पाऊस हा नातेवाइकासारखा आहे, येईन येईन म्हणतो. आजी सत्तरीच्या पुढची. दुपारी तिच्याशेजारी बसून मी फोनवर एपिसोड लावला आणि एकेक वाक्य सांगत गेलो. रिचर्ड कील आल्यावर ती म्हणाली, ‘‘ह्यो का असा बघतुय? घास अडकलाय का?’’ खताचं ऐकून मान हलवली. मग ती वजनाची जागा आली. लोक हसत काट्यावर चढतायत, कॅनामिट बघतोय.

‘‘माणसं कशापायी तोलत्यात?’’ आजीने विचारलं.

मी काहीच बोललो नाही.

‘‘खानार हैत व्हय रं त्येंनला?’’

पॅटला पुस्तक सोडवायला एवढा काळ लागला. आजीला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. पण म्हसवडच्या बाजारात तिने आयुष्यभर शेळ्या विकल्यात, आणि गिऱ्हाईक कशासाठी आलंय हे तो बोलण्याआधी तिला कळतं. आमच्या शीटमध्ये मशीनला जे मिळालं नव्हतं ते हेच, आजूबाजूला काय चाललंय ते.

एपिसोड संपला. मी तिच्याकडे बघत होतो, ती हादरेल असं मला वाटलं होतं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘पर मधली वर्सं पोट भरलं न्हवं समद्यांचं?’’

मी म्हटलं, ‘‘आजी, नंतर खाल्लं त्यांना.’’

‘‘त्ये नंतर,’’ ती म्हणाली.

आणि मग मी न विचारता बहात्तर सालावर आली. ते सालच आमच्याकडे कॅलेंडरसारखं वापरतात. माझ्या आत्याचा जन्म ‘दुष्काळाच्या आदल्या साली’. आजी विशीत होती, नुकती बाळंत, आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. पोर सावलीत, झोळीत. कामावर सुकडी मिळायची, ती ती अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधायची. आणि रेशनला मिलो. मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. तिकडे अमेरिकेत ती जनावरांना घालतात, हे कामावर कुणीतरी सांगितलं होतं. ‘‘थापाया घेतली की चिरा पडायच्या. तव्यावर टाकूस्तोवर मोडायची. वास यायचा एक. तुझा आज्जा म्हनायचा, ही बैलाला द्या. बैल तर आदीच इकला हुता.’’

मी तिला सगळं सांगणार होतो. करार, रुपये, जॉन्सन, पुस्तकं. वहीत सगळं होतं. शिवाय मिलो आली तोवर पीएल-४८० चा गहू थांबलेला होता, हा बारकावाही मी नोंदवून ठेवला होता. मी विचारलं एवढंच, ‘‘तेव्हा तुला राग नाही आला? जनावरांचं खाणं दिलं म्हणून?’’

‘‘आला की,’’ ती म्हणाली. ‘‘पर आदी खाल्लं. मग राग आला.’’

फोनवर चेंबर्स तसाच थांबला होता, घास घेताना. आजीने त्याच्याकडे बोट दाखवलं. ‘‘ह्येनं बी खाल्लंच न्हवं?’’

तिकीट तोपर्यंत उघडंच होतं. भाषांतराच्या चुका आमच्याकडे रांगेत शेवटी असतात. मी लॅपटॉप काढला आणि आजीला विचारलं, की भरीत केलंय आणि ते चार माणसांचं आहे, हे तू कसं सांगशील? तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, ‘‘चौघास्नी पुरंल.’’

‘४ जणांना पुरेल’ असं टाकलं, तिकीट बंद केलं. दोन दिवसांनी त्याच बाईंचं नवं तिकीट आलं. एका कप चहाची रेसिपी, आणि खाली: ‘१ जणांना पुरेल’.